पस्तिसावा गुण

मी मॅट्रिक आहे. आणि गणितात मला मिळालेले गुण बरोबर 35 होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा मजकूर वाचून कोणी तरी विद्वान हटकून विचारील की, चार कादंबऱ्या लिहिणाऱ्या आणि मुलांना कवितेचे रसग्रहण शिकवणाऱ्या या गृहस्थाला संगणकाच्या अवजारांत तोंड घालण्याचा अधिकार कोणी दिला? अधिकार कोणी दिला नाही; तो लादला गेला. आमच्या शाळेतले संगणकाचे शिक्षक शहरात निघून गेले, आणि “तुमच्या कादंबऱ्या तुम्ही स्वतःच टाइप करता ना, मग तुम्हाला यंत्रातले कळणारच,” एवढ्या तर्कावर तो तास माझ्या गळ्यात पडला. खोलीत जुनी यंत्रे सहा. त्यांतली चालती चार. इंटरनेट आले तर आले. तेव्हापासून मुलांबरोबर मीही पायथॉन नावाची संगणकभाषा शिकतो आहे.

माझे भांडण आहे ते एका जुन्या विद्यार्थ्याशी. पुण्यात मोठ्या पगारावर आहे, मनाचा निर्मळ आहे, आणि दर दिवाळीला न चुकता पाया पडायला येतो. गेल्या दिवाळीत चकली मोडता मोडता त्याने विचारले, “सर, मुलांना अजून युनिटटेस्टच शिकवता? जग कुठं गेलं!” आणि खिशातून फोन काढून त्याने मला एक तक्ता दाखवला. कोड चालवणारी आणि कोड तपासणारी ओपन सोर्स साधने त्यात ओळीने उभी होती, आणि प्रत्येकापुढे सेकंदांचे आकडे. हे इतक्या सेकंदांत, ते त्याच्या निम्म्यात. वरचे ते उत्तम, तळाचे ते टाकाऊ. तक्ता संपला, चकली संपली. माझा राग मात्र या दिवाळीपर्यंत पुरला आहे. म्हणून संपादकांनी “यंदा काही तरी द्याच” असे लिहिताच मी कथा बाजूला ठेवली.

घरातल्या ज्या मंडळींना हा विषय परका वाटेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्या घरी चकल्यांचा घाणा घालण्याआधी सौ. एकच चकली तेलात सोडून बघते. ती विरघळली तर मोहन जास्त झाले, कडक निघाली तर कमी पडले. प्रोग्रामची चाचणी म्हणजे हेच. अमुक दिले तर तमुक आले पाहिजे, असे लिहून ठेवायचे. आणि प्रोग्रामला हात लावला की प्रत्येक वेळी, न कंटाळता, ती पहिली चकली तळून बघणारा गडी म्हणजे चाचणीचे साधन. 1997 साली केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी विमानाच्या प्रवासात असे एक साधन लिहिले, त्याचे नाव जेयुनिट. त्याच्या वळणावर पुढे कितीतरी भाषांत अशी साधने निघाली. आणि ओपन सोर्स म्हणजे ज्याची पाककृती झाकून ठेवलेली नाही असे. कोणीही ती वाचावी, आपल्या घरच्या चवीप्रमाणे बदलावी, शेजारी द्यावी. आमच्या शाळेसारख्या शाळेला संगणकाचा तास चालवता येतो तो या उदारपणावर, हे मी रोज कृतज्ञतेने आठवतो. म्हणूनच या साधनांची तुलना कोणी आट्यापाट्यांच्या गुणफलकासारखी करू लागले की मला राहवत नाही.

मला ते का झोंबले हे सांगण्यासाठी त्या दिवाळीच्याही मागे जावे लागेल.

नववीच्या मुलांनी सहामाहीचा निकाल लावणारा प्रोग्राम लिहिला होता. गुण घालायचे, पास की नापास ते यंत्र सांगणार. मी मोठ्या हौसेने म्हटले, चाचण्याही लिहा. मुलांनी तीन लिहिल्या: 72 ला पास, 48 ला पास, 19 ला नापास. यंत्राने तिन्ही तपासल्या आणि सर्व ठीक असल्याचा निर्वाळा दिला. निर्वाळा अगदी झटपट दिला, बरे का! मी छाती फुगवून मुख्याध्यापकांकडे गेलो, यादी छापली, फलकावर लावली.

त्या यादीत एका मुलाला गणितात बरोबर 35 होते, आणि त्याच्यापुढे ‘नापास’ छापले होते. मुलांनी लिहिले होते, “गुण 35 पेक्षा जास्त असतील तर पास.” लिहायला हवे होते, “35 किंवा त्याहून जास्त.” फरक एका चिन्हाचा. मुलगा काही बोलला नाही. खेड्यातली मुले फलकाशी भांडत नसतात. चौथ्या दिवशी त्याची रिकामी जागा माझ्या लक्षात आली. चौकशी केली तेव्हा कळले की बापाने त्याला वीटभट्टीवर नेला आहे. उत्तरपत्रिका काढून पाहिली, आणि माझ्या पोटात गोळा आला. ज्या 35 गुणांवर मी स्वतः मॅट्रिक झालो, त्याच 35 गुणांवर माझ्या देखरेखीखाली एक पोर नापास झाले होते.

मी भट्टीवर गेलो. बापापुढे हात जोडून म्हणालो, “चूक पोराची नाही. माझी आहे.” तो माणूस रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, “छापून आलं होतं न्हवं, सर? छापल्यालं खोटं कसं असंल?”

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. मुलगा पुढच्या सोमवारी शाळेत आला. पण त्या आठवड्यात त्याने वाहिलेल्या विटा मी कुठल्या खात्यावर मांडू?

तो परत आल्यावर आम्ही वर्गात एक उद्योग केला. चुकीचा प्रोग्राम मुद्दाम तसाच ठेवला, त्याला 35 गुणांची चाचणी जोडली, आणि पायथॉनच्या तीन साधनांना एकेक करून विचारले की, बाबांनो, सांगा काय चुकले ते. तिन्ही साधने फुकट, तिन्ही खुली. माझ्या पुणेकर शिष्याच्या तक्त्यात जे नव्हते ते आम्हाला इथे दिसले.

पहिले युनिटटेस्ट. ते 2001 सालच्या 2.1 या आवृत्तीपासून पायथॉनच्या सोबतच येते. वेगळे आणावे लागत नाही. मुलांनी त्याला विचारले, “35 ला पास येते, हे खरे आहे का?” त्याने गंभीरपणे उत्तर दिले: “असत्य हे सत्य नाही.” मी गंमत करत नाही, त्याच्या इंग्रजी संदेशाचा शब्दशः अर्थ हाच आहे. वर्ग पोट धरून हसला. हे वाक्य एखाद्या मठाच्या भिंतीवर शोभले असते. पण नववीतल्या मुलाला त्यातून काय उमजावे? न्याय म्हणून हेही सांगतो की, प्रश्न बदलून “ही दोन उत्तरे सारखी आहेत का?” असे विचारले, तर हेच साधन सरळ सांगते की ‘नापास’ आणि ‘पास’ सारखे नाहीत. म्हणजे विचारण्याच्या नाना तऱ्हा त्यात आहेत. योग्य ती निवडण्याचे ओझे मात्र विचारणाऱ्यावर.

दुसरे डॉकटेस्ट. हेही पायथॉनच्या घरचेच, आणि त्याच आवृत्तीपासूनचे. यात चाचणी वेगळी लिहायची नसते. प्रोग्रामच्या माहितीतच नमुना द्यायचा, की असे विचारले तर असे उत्तर येते. ते नमुने हे साधन खरेच करून बघते. 35 च्या चाचणीला त्याने लिहिले: अपेक्षित ‘पास’, मिळाले ‘नापास’. संपले! पाटीवर गुरुजींनी लिहावे इतके स्वच्छ. आणि सर्व बरोबर असेल तर ते एक अक्षर बोलत नाही. मुलांना वाटले यंत्र बंद पडले. मला मात्र त्याचा स्वभाव आवडला. चांगला पर्यवेक्षक परीक्षेच्या खोलीत उगाच बोलत नाही. खोड एकच, आणि ती जुन्या तपासनिसांची: अक्षरांत एक मोकळी जागा जास्त पडली तरी उत्तर चूक.

तिसरे पायटेस्ट, हॉल्गर क्रेकेल यांनी सुरू केलेले. त्याच्याशी साध्या भाषेत बोलता येते. खास क्रियापदे पाठ करावी लागत नाहीत. चाचणी चुकली की ती ओळ बोट ठेवून दाखवते, काय हवे होते आणि काय आले ते मांडते. मुलांना तेच सर्वांत आवडले. पण ते पायथॉनबरोबर येत नाही, बाहेरून आणावे लागते. आणि आमच्याकडे इंटरनेटची तऱ्हा मी सांगितलीच. शेवटी तालुक्याच्या गावाहून पेनड्राइव्हवर आणले.

आता सांगा, या तिघांत सेकंदांचा हिशेब कुठे आला? आमची चाचणी तिघांनीही पापणी लवण्याच्या आत उरकली. फरक होता तो चूक सांगण्याच्या रीतीत. आणि चाचणीच्या साधनाचे काम तरी काय? सगळे बरोबर असताना हिरवा दिवा लावणे हे काम कोणीही भाट करील. साधनाची परीक्षा होते ती चूक झाल्याच्या क्षणी. त्या क्षणी ते समोरच्या माणसाशी, मग तो पुण्याचा तज्ज्ञ असो की भट्टीवरून परत आलेले पोर असो, कसे बोलते? तक्ता करणाऱ्यांनी हा रकानाच काढला नाही. त्यांनी सगळ्या साधनांना शर्यतीत उभे केले आणि घड्याळ लावले. शर्यतीच्या बैलाला मी नावे ठेवत नाही. त्याचे कौतुक त्याच्या जागी. पण नांगराचा बैल घेताना बाजारात कोणी घड्याळ लावत नाही. तो सरळ चालतो का, आणि फाळ दगडाला लागला की थांबतो का, हे पाहतात.

कोड चालवणाऱ्या साधनांचीही हीच कथा. जावास्क्रिप्ट नावाची भाषा एके काळी मुख्यतः ब्राउझरच्या चौकटीत राहत होती. रायन डाल यांनी 2009 साली नोड हे साधन काढले आणि तिला बाहेरचे मोठे अंगण मिळवून दिले. 2018 साली हेच गृहस्थ बर्लिनच्या एका सभेत उभे राहिले आणि नोड करताना आपण काय काय चुकलो त्याच्या दहा गोष्टी त्यांनी जाहीरपणे सांगितल्या. वाचकहो, आपल्या पहिल्या कादंबरीतल्या दहा चुका भर सभेत सांगणारा कादंबरीकार तुम्ही पाहिला आहे का? मी तर आरशातही पाहिलेला नाही. चुका सांगून ते थांबले नाहीत. त्यांनी डेनो हे नवे साधन मांडले. त्याची पहिली पक्की आवृत्ती 2020 साली आली. मग 2023 साली जॅरेड समनर यांच्या बन या साधनाची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि वेगाचे नगारे वाजू लागले.

बन वेगवान आहे, हे मला मान्य आहे. पण डेनोची एक गोष्ट तक्त्यात मला कुठेच सापडली नाही. डेनोला परका प्रोग्राम चालवायला दिला आणि तो तुमची फाइल उघडू लागला, तर डेनो आधी विचारते: याला वाचू देऊ का? बाहेर इंटरनेटवर जाऊ देऊ का? नोडला मुद्दाम बजावले नाही तर ते असे विचारत नाही. पाहुणा आला की घरभर मोकळा. ज्या खोलीतल्या यंत्रात मुलांचे गुण ठेवलेले असतात, त्या खोलीचा राखणदार म्हणून मला हे विचारणे दोन सेकंदांपेक्षा मोलाचे वाटते. हा गुण सेकंदांत कसा मोजणार?

आणखी एक साधन मुलांना फार आवडते, ज्युपिटर. ज्युलिया, पायथॉन आणि आर या तीन भाषांच्या नावांवरून त्याचे नाव पडले. त्यात वहीसारख्या पानावर कोडचे तुकडे लिहायचे आणि तिथल्या तिथे चालवून उत्तर बघायचे. शिकवायला सुरेख. पण त्यातले तुकडे कोणत्याही क्रमाने चालवता येतात. आमच्या एका मुलीने पाचवा आधी चालवला, दुसरा मागून. उत्तर बरोबर आले. दुसऱ्या दिवशी तीच वही वरून खाली चालवली तर मध्येच कोलमडली. गणिताच्या पेपरात आधी उत्तर लिहून मग रीत जुळवणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना वाव देणारे यंत्रही पाहिले. तेव्हापासून आमचा नियम आहे: वही बंद करा, नव्याने उघडा, पहिल्या ओळीपासून चालवा, मग मला दाखवा. हा नियम कोणत्याही तक्त्याने मला सांगितला नाही.

माझा शिष्य यावर काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. “सर, तुमच्या चाचण्या चार, आमच्या कित्येक हजार. त्यांना प्रत्येक वेळी अर्धा तास लागला तर त्या कोणी चालवणारच नाही. आणि न चालवलेली चाचणी असून नसल्यासारखी.” हे खरे आहे, आणि मी ते मान्य करतो. मुलांच्या वह्या सहा महिन्यांनी तपासून देणारा शिक्षक काय कामाचा? वेगाचा रकाना असावा. पण तो पहिला नसावा, एकुलता एक तर नसावाच. कारण आमच्या त्या तीन चाचण्या जगातल्या सर्वांत वेगवान साधनाने तपासल्या असत्या, तर त्या मुलाच्या नावापुढे ‘नापास’ फक्त अधिक लवकर छापले गेले असते.

ही गोष्ट खेड्यातल्या शाळेपुरती नाही. 4 जून 1996 रोजी युरोपचा एरियान 5 हा अग्निबाण फ्रेंच गियानातील कुरू येथून पहिल्यांदा उडाला, आणि सुमारे 40 सेकंदांत आकाशात फुटला. त्याच्या दिशा-यंत्रणेतील कोडचा भाग आधीच्या एरियान 4 वरून आणलेला होता. तिथे तो चोख चालला होता. पण नवा अग्निबाण आडव्या दिशेने अधिक वेग घेत होता, आणि त्याचा आकडा ज्या खणात ठेवायचा होता त्या खणात 32,767 च्या वरचा आकडा मावत नव्हता. नव्या अग्निबाणाचा मार्ग घालून त्या भागाची चाचणीच झालेली नव्हती. त्यांचा 32,767 आणि आमचा 35. सीमेवरचा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. साधन किती वेगवान होते, याला तिथे काय किंमत होती?

आणि वेगाचा खरा उपयोग कसा करावा याचा धडाही मला अशाच एका हकीकतीत मिळाला. एक्सझेड हे फायली आवळून लहान करणारे मुक्त साधन जगभरच्या लिनक्स यंत्रांत असते. कोणी एक टोपणनावाचा इसम बराच काळ त्यात निष्ठेने काम करत राहिला, विश्वास मिळवला, आणि 2024 साली त्यात चोरदरवाजा बसवून मोकळा झाला. कुठे लपवला म्हणाल? चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत! कुंपणच शेत खाते ते असे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसरा कोणी असता तर त्याने साधन बदलले असते, किंवा तक्त्यात त्याला खालचा नंबर दिला असता. यांनी विचारले, का? कोड उघडा होता म्हणून त्यांना आत उतरून बघता आले, आणि मार्च 2024 मध्ये चोर पकडला गेला. उघड्या पाककृतीचा उपयोग हा आहे; पण ती कोणी तरी वाचली पाहिजे. सेकंद मोजणे वाईट नाही. सेकंद मोजून तिथेच थांबणे वाईट.

तेव्हा तुलना जरूर करा. पण तिच्यात माणूस येऊ द्या. चूक झाली तर हे साधन काय सांगते, आणि ते कोणाला कळेल? जुन्या यंत्रावर, इंटरनेट नसताना ते चालते का? विचारल्याशिवाय कशाकशाला हात लावते? आज लिहिलेली चाचणी ही मुले मोठी झाल्यावरही चालेल का? एवढे सांगून झाले की मग खुशाल सेकंद सांगा. मी कान देऊन ऐकेन.

एक शेवटची गोष्ट. पायटेस्टमध्ये चाचणीच्या ओळीपुढे आपला स्वतःचा संदेश लिहिता येतो. चाचणी चुकली तर तो पडद्यावर उमटतो. तो इंग्रजीतच हवा असे नाही. आमच्या वर्गात तो मराठीत लिहितात. निकालाच्या प्रोग्रामची 35 गुणांची चाचणी ज्याने लिहायची तो मुलगा वर्गाने एकमताने निवडला. त्याने फार वेळ विचार केला आणि एका बोटाने टाइप केले: “35 म्हणजे पास. छापायच्या आधी परत बघा.” ती ओळ त्या प्रोग्राममध्ये आजही आहे, आणि निकालाआधी दर वेळी ती चालवली जाते.

तर माझ्या पुणेकर मित्रा, या दिवाळीला ये. चकल्या आहेत. तुझा तक्ताही आण; मुले तो आवडीने बघतील. फक्त सेकंदांच्या डाव्या बाजूला एक रकाना कोरा ठेवून आण. तो भरायला आमच्याकडे एक तज्ज्ञ आहे. तो यंदा दहावीत आहे.